पाव किलो धुळीचा हिशोब

सोयाबीनच्या सीझनमध्ये नागपूरच्या कळमना बाजारात एका ओळखीच्या अडत्याकडे बसलो होतो, बाहेर ट्रॅक्टरची लाईन, आत चहा, आणि बोलता बोलता मी सहज म्हटलं की धान्याच्या ड्रायरमध्ये नुसती आग लागत नाही, कधीकधी स्फोट होतो, छप्पर उडवून देणारा. तो हसायलाच लागला. "काहीबी सांगून राहिला भाऊ तू. धान्य जळते, मान्य. पण फुटते कसं? बारूद आहे का ते?"

त्याला तरी काय बोलणार. स्फोट म्हटलं की बारूदच आठवते, आणि नागपूरकराला तर हमखास, कारण स्फोटकांचे कारखाने आपल्या आजूबाजूला, देशभरातले स्फोटकांचे परवाने बघणाऱ्या पेसोचं मुख्यालय आपल्या शहरात, आणि फायर ऑफिसर तयार करणारं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयसुद्धा १९५७ पासून इथंच. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तसं थोडं आहे. मी मिलमधले पॅनल, मोटरी, सेन्सर बघतो, मौदा, रामटेक, उमरेड, भंडारा अशी माझी गाडी फिरत असते, आयटीआय झालेला माणूस आहे, शास्त्रज्ञ वगैरे नाही. पण वीस वर्षं ही धूळ नाकात गेलीये आणि तिच्याबद्दल हाताला लागेल ते वाचलंय, म्हणून त्या अडत्याला जे तुकड्या तुकड्यात सांगितलं ते इथे नीट लिहितो.

पहिली गोष्ट, दाणा फुटत नाही. धूळ फुटते.

चुलीत ओंडका घाला, पेटायला वेळ घेतो, फुंकणीनं फुंकून डोळ्यात पाणी येते. त्याच ओंडक्याच्या ढलप्या केल्या की दोन मिनिटांत पेटतात. आणि आरा मशीनवरचा त्याच लाकडाचा बारीक भुसा मूठभर घेऊन जाळावर भिरकावला तर भप्पकन भडका, भिवया गेल्या समजा (करून बघू नका). लाकूड तेच आहे, फक्त हवेला भिडणारी जागा वाढली. हिशोबच पाहायचा तर एक सेंटीमीटरचा चौकोनी तुकडा घ्या, त्याच्या सहा बाजू मिळून ६ चौरस सेंटीमीटर. तोच तुकडा ०.१ मिलीमीटरच्या कणांमध्ये मोडला तर ६०० चौरस सेंटीमीटर होतात, शंभरपट. जत्रेत सोंगं निघतात तेव्हा दिवटीवर राळ फेकतात आणि जाळाचा लोळ उठतो, तो हाच प्रकार आहे. तीच राळ डबीत ढेकूळ म्हणून पडली असते तेव्हा काही करत नाही.

धान्यात ताकद किती असते ते ऐकून मलाही पहिल्यांदा खरं वाटलं नव्हतं. एक किलो पीठ पूर्ण जळलं तर जी उष्णता निघते ती एक किलो टीएनटी या स्फोटकाच्या तिप्पट भरते. मग पिठाची गोणी बॉम्ब का नाही? कारण टीएनटीचा ऑक्सिजन त्याच्या पोटातच असतो, त्याला बाहेरच्या हवेची वाट बघावी लागत नाही. पिठाला लागते. गोणीतल्या पिठाला हवा फक्त वरून भेटते, आतल्याला भेटतच नाही. पण तेच पीठ हवेत उधळलं तर प्रत्येक कणाच्या अंगाभोवती त्याचा त्याचा ऑक्सिजन तयार उभा असतो, एकाला लागली की शेजारच्याला, त्याच्या शेजारच्याला, आणि हे सगळं सेकंदाच्या काही भागात.

आगीला तीन गोष्टी लागतात हे शाळेत शिकलोय, जळणारं काहीतरी, हवा आणि ठिणगी. धुळीच्या स्फोटाला अजून दोन लागतात: ती उडालेली पाहिजे आणि कोंडलेली पाहिजे. मोकळ्या अंगणात उडालेली धूळ पेटली तर भडका होऊन विझते, पण एलिव्हेटरच्या (पट्ट्यावरच्या बकेटनी धान्य वर नेणारं यंत्र) डब्यात, सायलोत (धान्याची उंच बंद कोठी), बंद खोलीत, भुयारात पेटली तर गरम झालेल्या हवेला जायला जागा नसते आणि दाब चढतो. बंद भांड्यात धान्याच्या धुळीचा दाब ७-८ बारपर्यंत जाऊ शकतो (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतीच्या हवेचा दाब), आणि विटांची भिंत एका बारच्याही खूप आधी आडवी होते. आपल्या भाषेत सोपं आहे, कोंडा कोंडला की कांड होते.

आता तो पाव किलोचा हिशोब, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

धान्याच्या धुळीला स्फोटासाठी एक घनमीटर हवेत साधारण ५० ग्रॅमच्या आसपास असावं लागते. ऐकायला कमी वाटते पण अशी हवा म्हणजे नुसता फुफाटा. ४० ग्रॅमच्या ढगातून दोन मीटरवरचा पेटलेला २५ वॅटचा बल्ब दिसत नाही. अशा हवेत माणूस उभाच राहू शकत नाही, खोकून खोकून बाहेर पळेल. म्हणून मालक लोक म्हणतात, "आमच्याकडे एवढी धूळ कुठं उडते?" बरोबर आहे, खोलीत नाही उडत. ती एलिव्हेटरच्या आत उडते, हवेतली धूळ वेगळी करणाऱ्या सायक्लोनमध्ये उडते, सायलोत वरून माल पडतो तिथे उडते. खोलीत ती बसलेली असते. आणि बसलेलीच जास्त वाईट.

एक मिलीमीटरचा थर धरा, एक रुपयाच्या नाण्यापेक्षाही पातळ. एक चौरस मीटर फरशीवर असा थर म्हणजे एक लिटर धूळ, आणि ही धूळ हलकी असते, लिटरला पाव किलो धरू. खोलीची उंची ४ मीटर असेल तर त्या फरशीच्या डोक्यावर ४ घनमीटर हवा झाली. पाव किलो भागिले ४, म्हणजे घनमीटरला ६० ग्रॅमच्या वर. झालं. फक्त फरशीवरचा एक मिलीमीटर थर उडाला तरी अख्खी खोली स्फोटाच्या मापात भरली. यात अजून बीम, केबल ट्रे, पाईप, खिडकीच्या पट्ट्या, पत्र्याच्या घड्या धरलेल्याच नाहीत, जिथे वर्ष-वर्ष कोणाचा हात जात नाही. अमेरिकेतल्या धान्य साठवणुकीच्या नियमात धोक्याच्या जागी एक अष्टमांश इंचाचा, म्हणजे तीन मिलीमीटरच्या वरचा थर ताबडतोब काढा असं लिहिलंय. वरचा हिशोब पाहिला तर मला तेही सैलच वाटते. मी साधा नियम धरतो: पाईपचा रंग दिसत नसेल आणि बोटानं नाव लिहिता येत असेल तर धूळ जास्त झालीये.

पण ही बसलेली धूळ उडवते कोण? पहिला स्फोट. ही या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे आणि हीच लोकांना माहीत नसते. सुरुवात लहान असते, एलिव्हेटरच्या डब्यात एक भडका, एखादं झाकण उडते, माणसं दचकून बघतात. पण त्या भडक्याच्या आधी हवेचा एक धक्का पळत असतो, तो बीमवरची, भिंतीवरची सगळी धूळ खाली झटकतो, आणि मागून येणारी आग त्या ताज्या ढगात शिरते. हा दुसरा स्फोट पहिल्यापेक्षा कितीतरी मोठा, कारण आता जळायला अख्खी इमारत आहे. मग तो गॅलरीतून पुढच्या खोलीत, तिथली धूळ उडवतो, तिसरा. माणसं मरतात ती जास्त करून या दुसऱ्या-तिसऱ्यात. अमेरिकेत १९७७ च्या डिसेंबरमध्ये पाच दिवसांच्या अंतरानं असे दोन झाले, २२ तारखेला लुइझियानातल्या वेस्टवेगोला ३६ माणसं गेली आणि २७ ला टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनला २०. बॉम्ब नव्हता, दारूगोळा नव्हता. मका, गहू, सोयाबीन.

म्हणून मी जिथे जातो तिथे एका गोष्टीवरून भांडतो: कॉम्प्रेसरच्या नळीनं धूळ उडवणं. सगळीकडे चालते. शिफ्ट संपली की पोरगा नळी घेऊन मोटर, पॅनल, बीम सगळं फुस्स फुस्स करतो, पाच मिनिटांत सगळं चकाचक, आणि ती सगळी धूळ हवेत, वर हॉलमध्ये ड्रायर चालू, खाली वेल्डिंग चालू. जे काम पहिल्या स्फोटानं करायचं ते आपण हातानं करून ठेवतो. झाडू घ्या, ओला नाही पण मऊ, हळूहळू वरून खाली. नाहीतर धुळीसाठी बनवलेला व्हॅक्यूम घ्या. हवा मारायचीच असेल तर सगळ्या मशिनी बंद करून, ठिणगीचं काहीही चालू नसताना.

हे काही आजकालचं नाही. धुळीच्या स्फोटाची पहिली नीट लिहिलेली नोंद १७८५ ची आहे, १४ डिसेंबर, इटलीतल्या ट्युरिन शहरात एका बेकरीच्या पिठाच्या कोठारात. एक पोरगा दिव्याच्या उजेडात पिठाचा ढीग खालून ओढत होता, वरचा ढीग धसकला, पिठाचा ढग उठला आणि दिव्यानं पेटला, खिडक्या चौकटीसकट रस्त्यावर. मोरोझ्झो नावाच्या सरदारानं त्याचा शोध घेऊन लिहून ठेवलं, आणि त्यात त्यानं एक गोष्ट टिपली जी मला आपल्या इकडची वाटते: त्या वर्षी तिकडे पाच-सहा महिने पाऊस नव्हता आणि पीठ नेहमीपेक्षा कोरडं होतं. आता आपला एप्रिल-मे आठवा, पारा ४५ च्या वर, हवेत ओलावा नावाला, ओठ फुटतात, स्वेटर न घालताही गाडीच्या दाराला हात लावला की टचकन शॉक बसतो. कोरडी धूळ लवकर उडते, लवकर पेटते, आणि कोरड्या हवेत स्टॅटिकही जास्त साचते. म्हणून पट्टा, पुली, पाईप, सगळ्याला अर्थिंग पाहिजे, नुसतं मोटरला नाही.

ठीक, आता ड्रायर. इथे एक कोडं आहे. धुळीचा थर पेटायला दोनशे अंशांच्या वर लागते, उडती धूळ पेटायला चारशेच्या आसपास, आणि ड्रायरमधली हवा उसन्या (उकडलेल्या) धानाला फार तर शंभरच्या आसपास, बियाण्याच्या सोयाबीनला तर चाळीसच्या वर नेतच नाहीत. मग आग लागते कुठून?

तीन-चार वाटांनी. एक, कोंड्यावर चालणारी भट्टी असेल आणि तिची हवा थेट ड्रायरमध्ये जात असेल तर ठिणग्या तिच्यासोबत येतात. वाफेच्या रेडिएटरवरून गरम होणारी हवा त्या मानानं सुरक्षित, पण रेडिएटरच्या पात्यांत धूळ भरली तर तीही तिथेच बसून भाजते. दोन, पंखा आजूबाजूची हवा ओढतो, त्या हवेत उडतं कुटार (भुसकट), टरफलं, धानाची कुसं असतात, ती भट्टीपाशी पेटतात आणि जळती आत शिरतात, म्हणून पंख्याच्या तोंडाजवळ कोंड्याचा ढीग म्हणजे आमंत्रणच. तीन, सगळ्यात जास्त दिसणारं: माल अडकतो. ड्रायरमधला दाणा सतत खाली सरकत राहिला पाहिजे, सरकत्या दाण्याला ठराविक वेळच गरम हवा लागते, पण कोपऱ्यात काडीकचरा अडकला की तिथला दाणा थांबतो, तासन् तास तीच हवा खातो, पूर्ण कोरडा होतो, मग भाजतो, मग काळा पडतो. आणि थर जितका जाड तितका तो कमी तापमानाला धुमसतो, कारण आतली गरमी बाहेर निघतच नाही. शंभर अंशाची हवा एका मिनिटात काही करत नाही, पण दोन दिवसात कचऱ्याच्या गठ्ठ्याला निखारा बनवू शकते.

असं एकदा डोळ्यांसमोर पाहिलंय. नोव्हेंबर, रात्री दीड-दोन वाजले असतील, नागपूरपासून तासाभराच्या अंतरावरची एक मिल, नाव घेत नाही. मी लेव्हल सेन्सर बदलायला गेलो होतो. ड्रायरमधून बाहेर पडणाऱ्या हवेच्या तापमानाचा काटा रोज ४५ च्या आसपास असायचा, त्या रात्री ५८. ऑपरेटर पोरगा म्हणे माल आज कोरडा आला असेल. तितक्यात फोरमन काका शेडमध्ये आले, चप्पल काढता काढता थांबले आणि म्हणाले, "फुटाणे कोण भाजून राहिलं बे?"

खरंच तसाच वास होता, खमंग, भूक लागेल असा. वर पाहिलं तर धुराड्यातून पांढरं निघत होतं, पोरगा म्हणे वाफ आहे, ओला माल आहे ना. काकांनी टॉर्च मारला. वाफ असेल तर दोन-चार फुटांवर विरून जाते, हे विरत नव्हतं, निळसर झाक होती आणि शेडच्या पत्र्याखाली लोंबत होतं. धूर. पोरगा शिडी चढून तपासणीचं दार उघडायला धावला आणि काकांनी त्याची कॉलर धरून मागे ओढलं, दोन शिव्या हासडल्या त्या इथे लिहीत नाही. दार उघडलं असतं तर धुमसणाऱ्या मालाला ताजी हवा मिळाली असती आणि जाळ पोराच्या तोंडावर आला असता.

काकांनी काय केलं ते क्रमानं सांगतो, कारण क्रमच महत्त्वाचा. आधी भट्टीची हवा बंद. मग पंखा बंद, कारण चालू पंखा म्हणजे लोहाराचा भाता. मग ड्रायरचा माल वर नेणाऱ्या आणि पुढच्या सायलोत टाकणाऱ्या, दोन्ही एलिव्हेटरचे स्विच पाडले. मला म्हणाले, "तू अग्निशमनला फोन लाव, १०१." हवेच्या वाटा पत्र्यानं झाकल्या. गाडी आल्यावर, पाण्याचा पाईप हातात घेऊन लोक तयार उभे असताना, खालचं दार हातानं थोडं थोडं उघडून माल बाहेर जमिनीवर सोडला. बराच चांगला माल गेला, मग मधेच कोहळ्याएवढा एक काळा गोळा धप्पकन पडला, सुतळीचे तुकडे, कुटार, शेंगांची टरफलं आणि चिकटलेलं सोयाबीन. फावड्यानं फोडला तर आतून लालभडक. तो एक गोळा जर एलिव्हेटरच्या बकेटमधून वर गेला असता तर निखारा थेट उडत्या धुळीत पोचला असता, आणि मग मी हे लिहायला नसतो. बहुतेक जण घाबरून नेमकं तेच करतात, माल वाचवायला घाईघाईनं सायलोत पाठवतात. मालकानं दुसऱ्या दिवशी विचारलं ते एवढंच की किती क्विंटल गेलं.

पाण्याबद्दल एक. धुळीच्या जागी जोरदार धार मारली की ती धार धूळ उडवते, मग आगीत पाणी पडण्याऐवजी ढग पडतो. फवारा पाहिजे, बारीक. आणि सायलोत आत आग असेल तर नुसतं पाणी ओतत बसणं दुहेरी धोका, भिजलेलं धान्य फुगून सायलोच्या पत्र्याला फाडू शकते, आणि खूप तापलेल्या कोळशावर पाणी पडलं तर जळणारा वायू तयार होतो. शिवाय धुमसत्या सायलोत कार्बन मोनॉक्साईड भरलेला असतो, ज्याला वास नाही, रंग नाही, त्यामुळे वरून डोकावणारा माणूस आत पडतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही. तिथे शिकलेल्या माणसांचीच वाट पाहावी.

एलिव्हेटरबद्दल जरा जास्त लिहितो कारण माझं काम तेच आहे आणि स्फोट सुरू व्हायची सगळ्यात बदनाम जागाही तीच. विचार करा, उंच बंद डबा, आत सतत उडती धूळ, आणि त्यात फिरणारा पट्टा, पुली, बेअरिंग. पाचपैकी चार गोष्टी कायमच्या हजर, फक्त ठिणगीची कमी. ती देणारे अनेक. पट्टा एका बाजूला सरकून पत्र्याला घासतो. दगड किंवा नट-बोल्ट बकेटसोबत वर जातो, म्हणून खाली चुंबक पाहिजे. आणि बेअरिंग. ग्रीस संपलं, बेअरिंग जाम झालं, शाफ्ट त्यात घासत राहिला की ते सहज दोनशेच्या वर जाते आणि त्याच्या अंगावर बसलेली धूळ धुमसायला लागते. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये, हेझव्हिल गावाजवळच्या, जगातल्या मोठ्यांत गणल्या जाणाऱ्या धान्यकोठारात ७ माणसं गेली, आणि तपासात बोट दाखवलं गेलं ते सायलोंच्या खालच्या भुयारातल्या कन्व्हेअरच्या एका रोलरच्या जाम झालेल्या बेअरिंगकडे. एक बेअरिंग.

बेअरिंगचं तापमान बघायला गन मिळते, ती घ्या म्हटलं तर एका मालकानं मोठ्या अभिमानानं कोविडमधली कपाळाची गन काढून दाखवली. भाऊ, ती माणसाच्या तापासाठी आहे, बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे ती हात वर करते. इंडस्ट्रियल गन वेगळी येते, फार महाग नाही, आणि रोज एकाच वेळी एकाच बेअरिंगचा आकडा वहीत लिहिला तर महिन्याभरात कोणतं आजारी आहे ते वहीच सांगते.

दुसरं, एलिव्हेटर चोक झाला की आपले ऑपरेटर काय करतात? स्टार्ट-स्टॉप, स्टार्ट-स्टॉप, झटके देत. पट्टा जागेवर, पुली त्याच्यावर घसरतेय, रबर जळल्याचा वास येतोय, तरी झटके चालूच, कारण खालचं दार उघडून हातानं माल काढायचा कंटाळा. अमेरिकेच्या नियमात हे झटके देणं सरळ मना आहे, आणि पट्ट्याचा वेग २० टक्के पडायच्या आत एलिव्हेटर आपोआप बंद करणारा सेन्सर पाहिजे असं लिहिलंय. तो सेन्सर आपल्याकडेही मिळतो, मीच कितीतरी बसवलेत, आणि त्यातले किती पुढच्या भेटीत वायर जोडून बायपास केलेले दिसतात ते विचारू नका. "सारखा ट्रिप होते" म्हणतात. अरे, ट्रिप होते म्हणजे काहीतरी सांगून राहिलं ना ते.

बाकी ठिणग्या भराभर सांगतो. वेल्डिंग आणि गॅस कटर, दुरुस्तीच्या दिवशी, सीझनच्या आधी, कंत्राटदाराचा नवा पोरगा, आणि कापलेला लाल तुकडा खाली पिटमध्ये. काम संपल्यावरही अर्धा-एक तास तिथे कोणीतरी बसून राहिला पाहिजे. अंधारात बघायला सायलोत सोडलेला हॅलोजन, ज्याच्या काचेवर धूळ बसून भाजते. उंदरानं कुरतडलेली वायर. बिडी. आणि कीड मारायच्या गोळ्या: त्यांच्यातून निघणारा फॉस्फीन विषारी आहे हे सगळ्यांना माहीत आहे, पण तो हवेत १.८ टक्क्यांच्या आसपास गेला तर पेटतोही, म्हणून गोळ्या एका जागी ढीग करून किंवा ओल्या मालात टाकायच्या नसतात.

ओल्या मालावरून आठवलं. २०२४ च्या हंगामात हमीभावाच्या सोयाबीनला ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्के केली होती. शेतकऱ्याच्या दृष्टीनं बरंच झालं, काढणीच्या वेळी पाऊस पडला तर त्याचा काय दोष. पण तो तीन टक्क्यांचा ओलावा कुठेतरी सुकवावाच लागतो, नाहीतर गोदामात थप्पीच्या पोटात बुरशी धरते, बुरशी गरमी सोडते, थप्पी आतून तापत जाते, आणि सोयाबीन, ढेप, सरकी असा तेलकट माल असेल तर ठिणगीशिवायसुद्धा पुढे धुमसू शकतो. जिनिंगमध्ये ओल्या कापसाच्या गंजीत हात घालून बघायची आपल्या वऱ्हाडातली जुनी सवय आहे, तीच इथे चालते, फक्त हाताऐवजी लांब दांड्याचा थर्मामीटर. सोयाबीनचं तेल काढायच्या सॉल्व्हेंट प्लँटमधला हेक्झेन (तेल विरघळवून घ्यायचं पेट्रोलसारखं द्रावण) हा अजून वेगळा राक्षस आहे, हवेपेक्षा तिप्पट जड वाफ, जमिनीवरून सरपटत नालीनं पलीकडच्या शेडपर्यंत जाते, हवेत एक टक्क्याच्या जरा वर गेली की पेटायला तयार. त्याच्यावर कधी वेगळं लिहीन.

आपल्याकडच्या जुन्या राईस मिलला मी नेहमी नावं ठेवतो पण एका बाबतीत त्या बऱ्या: पत्र्याचं शेड, बाजू उघड्या, वारा आरपार. धूळ आहे पण कोंडलेली नाही. आता नवे प्लँट होतायत, स्टीलचे सायलो, बंद गॅलऱ्या, जमिनीखाली भुयारं, दिसायला फॉरेन, आणि कोंडण्याची सोयही फॉरेनसारखीच. मग त्यांच्यासोबत तिकडचे उपायही यायला पाहिजेत, म्हणजे एलिव्हेटरला आणि सायलोला ठरवून कमजोर ठेवलेली पॅनल, जी दाब वाढला की आधी उडून जाते आणि जाळ मोकळ्या आकाशात सोडते, कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हसारखी. ती पॅनल वॉचमनच्या खोलीकडे तोंड करून नको, एवढं मात्र बघा. फ्रान्समध्ये ब्ले गावात १९९७ साली सायलो फुटला तेव्हा ११ जण गेले, त्यातले बरेचसे सायलोच्या पायथ्याशी असलेल्या ऑफिसात बसलेले. आपल्याकडे वजनकाट्याची केबिन, हमालांची बसायची जागा, चहाची टपरी कुठे असते ते आठवून बघा.

कायद्यात हे नाही असं नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यातलं (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्या जागी नवी संहिता आली) कलम ३७ पेटणाऱ्या धुळीवरच लिहिलेलं होतं, आणि महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैमध्ये फॉर्म बी, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, भरावा लागतो. पण फॉर्म बी वाला सिलिंडर, पाईप, पंप तपासतो. बीमवर चढून बोटानं नाव लिहून बघत नाही.

त्या मिलमध्ये यंदा पुन्हा गेलो होतो. काकांनी ड्रायरच्या वरच्या चाळणीला दर चार तासांनी कुटार काढायची पाळी लावलीये, पाटीवर खडूनं नावं आणि वेळा लिहिलेल्या, आणि दुसऱ्या भिंतीला नवे कोरे लांब दांड्याचे झाडू टांगलेले. कॉम्प्रेसरची नळी मात्र खिळ्यावर तशीच होती. विचारलं तर म्हणाले, "टायरात हवा भराले ठेवली." मी नळीच्या तोंडाला बोट लावलं, पांढरं झालं.